डोणीतलं पाणी

रोपवाटिकेत शिरलं की दारातच फायबरचा धबधबा स्वागताला उभा. खडक खोटे, शेवाळ रंगवलेलं, आत निळा दिवा. हौसेनं घरी आणला की महिनाभर पाहुण्यांना दाखवून होतो. मग पंपात माती अडकते, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ खडकांवर उमटतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खडकांवर घरातल्या चपला वाळताना दिसतात.

कारंजं हा मुळात दरबारी थाट. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं होतं. पण वाड्याला पाणी यायचं ते नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बांधलेल्या तलावातून, उतारानं, आपसूक. आपल्या सोसायटीत येतो टँकर!

घरच्या बागेला शोभतं ते साठलेलं पाणी. गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी मिळाली तर उत्तमच. नाहीतर सिमेंटची रुंद, उथळ कुंडी घ्या आणि तळाचं भोक बुजवा. कमळ लावायचं तर चिकण माती हवी आणि पाच-सहा तास ऊन. सावलीत नुसती पानं मिळतात. गच्चीवर मात्र आधी हिशेब करावा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल म्हणजे सुमारे अडीचशे लिटर, अर्थात अडीचशे किलो, आणि दगडाचं वजन वेगळंच. स्लॅब किती पेलेल ते इंजिनिअरला विचारावं, रोपवाल्याला नव्हे.

राहता राहिले डास. ही भीती खरी आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसला असंच स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्यावर उपाय गप्पी मासे. ते अळ्या आवडीनं खातात आणि पुष्कळ ठिकाणी महापालिकेचा मलेरिया विभाग ते देतो. नळाचं पाणी दिवसभर बादलीत राहू द्यावं, क्लोरीन उडाला की मग मासे सोडावेत. वाढलेले मासे ओढ्यात किंवा नदीत सोडायचं पुण्य मात्र करू नये. ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, इथल्या माशांच्या तोंडचा घास पळवतात.

तांब्याच्या घंगाळात गप्पी सोडणारेही भेटतात. तांबं पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. घंगाळात फुलंच तरंगू द्यावीत, पण पाणी नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. आठवड्यातून एकदा आतून काथ्यानं घासायचंच.

डोणीत एक खडबडीत दगड कलता ठेवावा, निम्मा पाण्याबाहेर. बुलबुल खोल पाण्यात उतरत नाही, पाय टेकायला जागा लागते. दयाळही तिथेच येतो. शेजारच्या मांजराला दबा धरता येईल असं झुडूप तेवढं जवळ नको.