पोलिसांच्या नोंदवहीतला इतिहास

समलैंगिकता आणि तृतीयपंथीयांचा विषय शाळेत आणू नये, ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत, असं म्हणणाऱ्यांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वाचावा. त्याच्या दुसऱ्या भागानुसार उत्तर हिंदुस्थानात पोलिसांनी संशयित हिजड्यांची नावं-पत्ते नोंदवहीत चढवले. नोंद झालेली व्यक्ती बायकी वेशात रस्त्यावर दिसली, नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलमही इंग्रजांनी केलेल्या १८६० च्या दंडसंहितेतलं. बाहेरून आली ती शिक्षा. माणसं इथलीच होती. मराठी रंगभूमीवर समलिंगी प्रेमाचा विषय मांडणारं विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्येच आलं.

मुलांचं वय लहान आहे, हा आक्षेप मात्र प्रामाणिक असू शकतो. पण ज्या मुलाला वर्गात ‘बायल्या’ म्हणून रोज छळलं जातं, त्याचं वय कोण पाहतं? तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी एनसीईआरटीने २०२१ मध्ये काढलेली पुस्तिका तर मुलांसाठी नव्हे, शिक्षकांसाठी होती. तीही आक्षेप येताच मागे घेतली गेली. तृतीयपंथीयांना सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली २०१४ मध्ये. बालभारतीने आधुनिक भारताच्या इतिहासात १८७१ ते २०१४ हा प्रवास एका पानात तरी द्यावा.