हत्तीरोगाचा जमाखर्च

आमच्या आत्याबाईंचा उजवा पाय गुडघ्याखालीं सुजून खांबासारखा झालेला होता. गांधीबागेंतील जुन्या वाड्यांत आम्हीं त्यांना लहानपणापासून तसेंच पाहिलें. मधूनमधून हुडहुडी भरून ताप येई, पाय लाल होई, आणि चार दिवस अंथरूण सुटत नसे. सोंवळें नेसून पाटावर मांडी घालणें पुढें जमेनासें झालें, याचें दुःख त्यांस तापाहून अधिक होतें. औषधाला फारसा पैसा जात नसे, म्हणून घरची मंडळी म्हणत, 'या दुखण्याला खर्च नाहीं!' जन्मभर त्रैराशिक शिकविणाऱ्या आम्हांसही या हिशेबांतील चूक फार उशिरा कळली.

हा रोग सुतासारख्या कृमींचा. घाण पाण्यांत व उघड्या गटारांत वाढणारा क्यूलेक्स डास तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. आणि जुन्या नागपुरांत त्या डासास जागेची उणीव कधींच नव्हती. कृमि शरीरांत सहा ते आठ वर्षें जगतात. त्यांचीं पिल्लें रात्रीं रक्तांत उतरतात, म्हणून तपासणीचें रक्तही रात्रींच घ्यावें लागतें. एकदां असा खांब झालेला पाय पूर्ववत् होत नाहीं. रोज साबणपाण्यानें स्वच्छ ठेवणें एवढेंच हातीं उरतें.

२०१९ च्या जानेवारींत नागपुरांत आयव्हरमेक्टिन, डीईसी व अल्बेंडाझोल या तीन औषधांच्या गोळ्या निरोग्यांसही घरोघर देण्यांत आल्या. आमच्या दारीं सेविका आली. एका औषधाची मात्रा उंचीवरून ठरते, म्हणून तिनें काठी लावून सर्वांस मोजलें व म्हणाली, "गुरुजी, माझ्यासमोरच घ्या." आम्हीं सांगितलें, "जेवल्यावर घेतों, बाई." अकरा माणसांपैकीं सहा जणांनीं घेतल्या. उरलेल्या पांचांच्या गोळ्या दिवाळीच्या साफसफाईंत कोनाड्यांत सांपडल्या, आणि त्यांत आमच्याही होत्या! आमच्या आळींत अशीं घरें आणखी निघालीं. तीं बहुतेक शिकलेल्यांचीं.

आतां हिशेब पाहा. गोळी स्वस्त आहे. यांतील कांहीं औषधें उत्पादक कंपन्या जागतिक आरोग्य संघटनेस दानही देतात. परंतु सेविकेची पायपीट, नोंदवह्या, रात्रीची तपासणी हा खर्च गोळी पोटांत गेली काय आणि कोनाड्यांत राहिली काय, तितकाच. न घेणाऱ्याच्या रक्तांत कृमि असतील, तर ते डासांची वाट पाहत राहतात, आणि सगळ्या शहराची फेरी पुन्हा काढावी लागते. जुन्या दोन औषधांच्या पद्धतींत एकंदर लोकसंख्येपैकीं निदान शेंकडा ६५ लोकांनीं पांच वर्षें ओळीनें गोळ्या गिळाव्या, असा दंडक होता. चीननें हें औषध मिठांत मिसळून लोकांस खाऊं घातलें. श्रीलंका २०१६ सालीं व बांगलादेश २०२३ सालीं या रोगांतून सुटल्याचें जाहीर झालें. आपल्या देशानें २०२७ चा संकल्प सोडला आहे.

गोळीनंतर क्वचित् ताप येतो, डोकें दुखतें. मरणाऱ्या कृमींचा तो शेवटचा उपद्रव. त्याला भिऊन गोळी टाळणें शहाणपणाचें नव्हे.

पुढील फेरीस सेविका आली तेव्हां आमची पंगत नुकतीच उठली होती. धाकटी सून गरोदर, म्हणून तिला वगळलें. सव्वा वर्षाच्या नातवालाही. बाकी सर्वांनीं तिच्यासमोर गोळ्या घेतल्या, पहिल्या आम्हीं. तिनें वहींत खूण केली आणि शेजारची कडी वाजविली.