आत्मा स्वतःचा, देह सरकारी

मामोरू ओशी या जपानी दिग्दर्शकाचा ‘घोस्ट इन द शेल’ हा ॲनिमेशनपट १९९५ साली प्रदर्शित झाला. मासामुने शिरो यांच्या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. मनुष्य म्हणजे काय, यंत्राला आत्मा असू शकतो काय, अशा तात्त्विक अंगानेच त्याची चर्चा बहुधा होत आली आहे. हे प्रश्न गैर नव्हेत. परंतु त्या गदारोळात चित्रपटातील एक साधा संवाद दुर्लक्षित राहतो, आणि खरा पेच तेथेच आहे.

नायिका मोतोको कुसानागी ही सुरक्षा विभागातील अधिकारी. मेंदूचा अंश वगळता तिचे सारे शरीर कारखान्यात घडलेले. नावेवरील निवांत संभाषणात ती आपला सहकारी बाटो याला सांगते की, राजीनाम्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र कृत्रिम शरीर आणि त्यातील काही स्मृती सरकारला परत कराव्या लागतील. मजूर आपली श्रमशक्ती ठरावीक काळापुरती विकतो, स्वतःलाच विकले तर तो मजूर न राहता गुलाम होतो, हा भेद मार्क्सने स्पष्ट केला होता. कुसानागी या दोहोंच्या मधोमध उभी आहे. पगारदार म्हणून ती स्वतंत्र. पण गिरणीतून बाहेर पडणारा कामगार निदान आपले हात घरी नेतो, हिला तेवढेही शक्य नाही. ‘मी कोण?’ या तिच्या प्रश्नामागे ‘मी कोणाच्या मालकीची?’ हा प्रश्न दडलेला आहे.

चित्रपटातील सर्वांत हृदयद्रावक पात्र मात्र ती नव्हे. तो आहे कचरागाडीवरचा एक कामगार. दुरावलेल्या पत्नीचे मन जाणण्यासाठी आपण तिच्या मेंदूत शिरकाव करीत आहोत, अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात तो भलत्याच कारस्थानाचे हत्यार बनलेला असतो. पोलीस त्याला सांगतात की, पत्नी नाही, मुलगीही नाही. तिचे म्हणून जपलेल्या छायाचित्रात तो स्वतःच दिसतो. त्याचे श्रम तर लुटले गेलेच, पण ज्या संसारासाठी राबतो असे त्याला वाटे, तोही कोणीतरी बाहेरून भरलेला! ओशी त्याला मोजकीच मिनिटे देतात आणि पुन्हा बंदुकांकडे वळतात, ही या चित्रपटाची उणीव म्हटली पाहिजे.

हे कारस्थान करणारा ‘पपेट मास्टर’ ही यांत्रिक बुद्धी. ती परराष्ट्र खात्याने हेरगिरीसाठी निर्माण केलेली. जाणीव येताच ती राजाश्रय मागते, आणि निर्मात्यांना मात्र आपला माल परत हवा असतो.

अखेरीस कुसानागी या बुद्धीशी एकरूप होते, आणि समीक्षक त्यात मुक्ती पाहतात. तिचे जुने शरीर तोवर उद्ध्वस्त झालेले असते. नवे शरीर एका लहान मुलीचे आहे. घाईघाईत बाटोला तेवढेच मिळाले, आणि तेही काळ्या बाजारात.