संकल्प एकच धरा, पण पावसाआधी

नव्या वर्षाच्या शुभेच्छांनी मोबाईल भरून गेले असतील. त्यात संकल्पांच्या याद्याही येतात. रोज पहाटे पाच किलोमीटर चाला, आठ तास झोपा, साखर बंद करा. या याद्या नेमक्या कोणासाठी लिहिलेल्या असतात? मालवण, तारकर्ली, देवबागला 31 डिसेंबरला पर्यटकांची झुंबड असते. आपल्या वाड्यांतल्या कितीतरी आयाबाया त्या रात्री होमस्टेच्या मोरीत भांडी घासत असतात. त्यांना 1 जानेवारीच्या पहाटे चालायला जा म्हणणे ही थट्टा आहे.

मग संकल्प करूच नयेत का? करावेत, पण आपले वर्ष कसे जाते ते बघून. जानेवारी ते मे पर्यटक असतात, काजू-आंब्याचे काम असते, हातात चार पैसे असतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. त्याच दिवसांत लावणी, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, दुकानाची उधारी. तेव्हा ज्या कामासाठी मजुरी बुडवून दवाखान्यात जावे लागते, ते मेच्या आत उरकायचे. लावणीला उतरणाऱ्यांनी लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही आधीच आशाताईंना विचारून ठेवावे. पायाला चीर असेल तर चिखलातून रोग शिरतो.

आणि सगळ्यात आधी काय? आमचे मत स्पष्ट आहे: घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचे बीपी आणि साखर. उपकेंद्रात ती फुकट तपासतात. पण बाई जात नाही. "माका काय जावक नाय, मी बरी आसय," हे उत्तर आम्ही नोकरीच्या वर्षांत किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. बीपी दुखत नाही, तोच त्याचा कावा. अर्धांगवायू होऊन आलेल्या बाईच्या पिशवीत गोळ्यांचे अर्धे पाकीट सापडायचे. का थांबवल्या, तर डोके दुखायचे थांबले म्हणून. नाहीतर पाकीट संपले आणि पुढचे आणायला कोणाला सवड नव्हती.

म्हणून 'यंदा बीपी कमी करीन' असा संकल्प धरू नका. ते आपल्या हातात पूर्ण नसते. 'पाकीट संपायच्या पाच दिवस आधी दुसरे आणीन' एवढाच धरा. तो पाळला की नाही, हे घरातले शाळकरी पोरही सांगू शकते. विजयस्तंभाला मानवंदना द्यायला भीमा कोरेगावला जाताना, चैत्यभूमीला जाताना गोळ्या पिशवीत हव्यात. 'आल्यावर घेईन' चालणार नाही.

खाण्याचेही तसेच. पेजेबरोबरचा खारा बांगडा सोडा म्हटले तर कोण सोडणार? आम्हीही नाही. पण सुके मासे दोन पाण्यांत भिजवून धुवा, आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. दिवसाला माणशी एक छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, याच्या आत मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात लोणचेही आले.

मशेरी म्हणजे तंबाखूच, हे पुन्हा सांगायला लागते याचे वाईट वाटते. गरोदर मुलीने ती पूर्ण बंद करायची. बाकीच्यांनी तारीख ठरवून सोडावी. 1800-11-2356 या नंबरवर मदत फुकट मिळते.

दारूबद्दल मात्र सावध सांगतो. पाचवे शील आपण सगळे म्हणतो, आणि नव्या वर्षाला विहारात शपथा होतात. पण जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची दारू एका दिवसात तोडली तर हातपाय कापतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. त्याला शपथ घालण्याआधी डॉक्टरकडे न्या. ही शरमेची गोष्ट नाही, उपचाराची आहे.

आपली मुले बाबासाहेबांचा अठरा तासांचा अभ्यास अभिमानाने सांगतात, जयंतीला तसे उपक्रमही होतात. जरूर करावेत. पण मधुमेहाने त्यांचे शरीर किती पोखरले होते आणि 6 डिसेंबर 1956 रोजी ते अवघ्या 65 वर्षांचे होते, हेही त्याच मंचावरून सांगा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापून आलेला बघायला ते राहिले नाहीत.

जयंतीचाच विषय निघाला म्हणून. डीजेच्या एका रात्रीच्या पैशांत बीपीची कितीतरी यंत्रे येतात. यंदाच्या वर्गणीतून विहारासाठी एक डिजिटल यंत्र आधी घ्या, मग उरलेल्याचे ठरवा. रविवारी वंदनेनंतर ते बाहेर काढा. मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटे शांत बसवा, चहा-तंबाखू अर्धा तास आधी नको, हात टेबलावर टेकलेला हवा. आकडा नाव घालून वहीत लिहा. दोन वेगवेगळ्या रविवारी 140/90 किंवा त्याहून वर भरला, तर सोमवारी त्या माणसाबरोबर कोणीतरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. आणि 180/120 च्या वर गेला, किंवा तोंड वाकडे झाले, छातीत दुखले, तर सोमवारची वाट न बघता 108 ला फोन करायचा.