चोळीबांगडी ल्यावी तंजावरी!

राजवाडा पाहायला जाताना राजाराणीचा वेश करायचा की साधे कपडे घालून जायचं? या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. तंजावरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती जरूर धरावी...

कल्पना करा, मे महिन्यातली सकाळ आहे. घड्याळात अजून अकराही वाजलेले नाहीत. तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सुट्टीवर आलेलं एक मराठी कुटुंब शिरतं. सहा-सात वर्षांच्या चिरंजीवांच्या डोक्यावर जिरेटोप, अंगात मखमली अंगरखा, कमरेला प्लॅस्टिकची तलवार. ताईनं तयार शिवलेली सॅटिनची नऊवारी चढवलीय, नाकात चापाची नथ. आल्या आल्या फोटो होतात. दुसऱ्या दालनापर्यंत जिरेटोप बाबांच्या पिशवीत गेलेला असतो, पाठोपाठ अंगरखा. दरबार हॉलपाशी पोहोचेपर्यंत बनियनवर आलेलं पोर 'कधी जायचं परत?' म्हणत भोकाड पसरून बसलेलं असतं. घामोळ्यांनी हैराण झालेल्या ताईला निऱ्या सावरायच्या की भावाला, ते समजत नाही. हजार-बाराशे किलोमीटर ओलांडून आलेल्या या मंडळींनी तंजावर पाहिलं किती? फोटोत मावेल तेवढंच.

हौसेला नावं ठेवायचं कारण नाही. 'छावा' चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत झळकला आणि मराठी घराघरांत मुलांनी संभाजीराजांचा ध्यास घेतला. पुण्याजवळ आंबेगावात शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला, तेव्हापासून इतिहास 'बघायला' जायची सवय मुलांना लागली आहे. तिकडे तमिळ मंडळींचं वेड वेगळं. कल्कींची 'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी १९५० ते ५४ अशी साप्ताहिकातून क्रमशः आली आणि तमिळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. मणिरत्नम यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये तिच्यावर दोन चित्रपट काढल्यावर कादंबरीतली ठिकाणं शोधत फिरणाऱ्यांच्या सहली निघू लागल्या. म्हणजे तंजावरात आता दोन प्रकारचे भक्त एकमेकांना भेटतात. चोळांचे आणि भोसल्यांचे!

आवडत्या व्यक्तिरेखेचा वेश न करता तिची नुसती आठवण अंगावर बाळगायची, ही युक्ती परदेशात डिस्नेच्या बागांमध्ये रुजली. तिथं चौदा वर्षांवरच्या पाहुण्यांना एरवी पूर्ण वेश करून आत सोडत नाहीत. मुलांना खरी राजकन्या कोण आणि पाहुणी कोण ते कळायला हवं ना! मग लेस्ली के या कॅनडातल्या तरुणीनं २०११ च्या सुमारास नेहमीचेच कपडे, पण व्यक्तिरेखेच्या रंगसंगतीत, असा प्रकार लोकप्रिय केला. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, केसांत निळी फीत, की झाली 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधली बेल! ओळखणाऱ्याला ओळख पटते, न ओळखणाऱ्याला नीटनेटकी मुलगी दिसते. दिवसभर चालायला, पाळण्यात बसायला, आइस्क्रीम सांडायलाही अडचण नाही.

ही युक्ती तंजावरला नेली तर? तिथं तर ती अधिकच शोभेल. कारण तंजावरचा राजवाडा म्हणजे कुणी उभारलेला देखावा नव्हे. सोळाव्या शतकात नायक राजांनी तो बांधायला घेतला, १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे तिथं आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांनी त्यात भर घातली. शेवटचे राजे शिवाजी यांना मुलगा नव्हता, त्यामुळे कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. पण घराणं संपलं नाही. भोसल्यांचे वंशज आजही राजवाड्याच्या एका भागात राहतात, आणि तंजावरच्या देवस्थानाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद त्यांच्याकडेच आहे. राहत्या घरात पाहुणा म्हणून जायचं तर यजमानाचा वेश करून कसं जायचं?

आणि जिरेटोपाची तर तिथं आणखी एक गंमत आहे. हे राज्य थोरल्या महाराजांचं नव्हे, त्यांच्या सावत्रभावाचं. दक्षिण दिग्विजयात, १६७७ मध्ये महाराजांनी व्यंकोजीराजांना भेटीला बोलावलं ते कोल्लीडम नदीच्या काठी. वडिलांच्या मिळकतीतला वाटा मागितला. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. पुढे सैन्याची गाठ पडली, लढाईही झाली. भाऊबंदकी म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको!

ही भाऊबंदकी मिटवली ती एका बाईनं. व्यंकोजीराजांची पत्नी दीपाबाई. तिनं नवऱ्याची समजूत घातली, तह घडवून आणला. महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख या भावजयीला दिला तो 'चोळीबांगडी'साठी. भावानं बहिणीला, दिरानं भावजयीला द्यायची ती मायेची भेट, फक्त इथं ती अख्ख्या परगण्यांची होती. शाळेच्या पुस्तकांत दोन भावांची नावं ठळक असतात, हिचं क्वचितच येतं. एवढ्या मोठ्या घराण्याच्या वेशभूषेतून तंजावरसाठी एकच खूण निवडायची तर ती चोळीबांगडीचीच निवडावी.

कशी? अगदी सोपं आहे. खणाचा ब्लाऊज आणि हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. बस्स! गुळेदगुड्डच्या खणाचं कापड आता कुर्त्यांसाठी, पिशव्यांसाठीही मिळतं. ब्लाऊज साध्या सुती साडीवर चालतो, तरुण मुलींनी खणाची बिनबाह्यांची जाकिटं पांढऱ्या कुर्त्यावर घातली तरी शोभतात. अस्तर मात्र सुतीच लावून घ्या. पॉलिस्टरचं अस्तर तंजावरच्या उन्हात अंगाला असं चिकटतं की दीपाबाईनं घडवलेला तह मोडायची पाळी यावी. बांगड्या चार-चार पुरे. कुणी विचारलं, तर गोष्ट सांगायची. कुणी न विचारलं, तरी लेकीला सांगायची.

आणि नऊवारी? ती घालूच नये असं नाही. आपल्या आज्या-पणज्या नऊवारीतच गड चढल्या, जात्यावर बसल्या, शेतात राबल्या. पण ती सुती होती, नेसलेली होती. मऊ धुवट सुती नऊवारीत पायऱ्या चढणं गोल साडीपेक्षा सोपं जातं. घात करते ती सॅटिनची, वेलक्रो लावलेली, फोटोपुरती शिवलेली नऊवारी. नेसता येत नसेल, तर नऊवारीचा हट्ट प्रवासात धरू नये.

पुरुषमंडळींना सहसा अशा लेखांतून वगळलं जातं. तंजावरात त्यांच्यासाठी दुसरे सरफोजी महाराज आहेत. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. सत्ता इंग्रजांच्या हाती गेली होती, पण या राजानं रुसून न बसता विद्येचा संसार मांडला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी गोळा केलेली हजारो हस्तलिखितं आहेत, मोडीची बाडंच्या बाडं आहेत. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना घातला. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालायचे. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं तर चित्रांसह काढून ठेवलेली आहेत, रोग्याचा डोळा आधी कसा होता ते रंगवून! राजवाड्यात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, इंग्रज शिल्पकार चँट्री यांनी घडवलेला. हात जोडलेला राजा, डोक्यावर नेहमीची पगडी नव्हे तर निमुळती, त्रिकोणी टोपी. ही टोपी हीच तंजावरच्या मराठी राजांची ओळख. जिरेटोप घालून इथं आलेल्यांनी या पुतळ्यासमोर दोन मिनिटं उभं राहावं.

तशी टोपी करून घालण्याची मात्र गरज नाही. मलमलीचा किंवा खादीचा पांढरा सैल कुरता, खांद्याला शबनम, तिच्यात वही आणि पेन, झाले सरफोजी! शबनमवर एखाद्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं छोटासा डोळा भरून घेतला तर जाणकाराला खूण पटेल. डॉक्टर मंडळींनी तर ही हौस करावीच. पांढरा रंग उन्हाळ्याला बरा, कुर्त्याला खिसे असले तर पाकीट आणि चष्मा सांभाळता येतो. वहीचा उपयोगही होतो. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवलाय. तो जगातल्या मोठ्या शिलालेखांत गणला जातो. त्यातल्या चार ओळी मुलांकडून वाचून, उतरवून घ्यायला काय हरकत आहे? तमिळ मुलखातल्या भिंतीवर मराठी अक्षरं सापडल्याचा आनंद कुठल्याही तलवारीपेक्षा मोठा असतो.

आता थोडं रंगांविषयी. तंजावरच्या राजघराण्यासाठी कोलिडमपलीकडच्या कोडाली करुप्पूर या गावात एक खास वस्त्र विणलं जायचं. सुती कापडात जामदानी पद्धतीनं जरीची नक्षी विणायची, मग मेणानं रेषा आखून ते वस्त्र गडद लाल आणि काळ्या रंगांत रंगवायचं. मेण धुतलं गेलं की फिकट रेषा उमटायच्या आणि लालीतून जर लुकलुकायची. सोनं झाकायचं आणि झाकून दाखवायचं! साड्या, धोतरं, पागोट्याची वस्त्रं, सगळं राजघराण्यासाठी. राज्य गेलं, गिऱ्हाईक गेलं आणि एकोणिसाव्या शतकातच ही कला विझली. तिचे जुने नमुने आता संग्रहालयांत बघावे लागतात. ती पुन्हा जिवंत करायचे प्रयत्न झाले आहेत, पण मूळचं वैभव दुर्मीळच.

तेव्हा 'अस्सल करुप्पूर' म्हणून रस्त्यावर स्वस्तात काही मिळालं, तर ते छापील कापड आहे असं समजून घ्यावं. छापील घेण्यात कमीपणा नाही, फसून घेण्यात आहे. पारख सोपी आहे : कापड उलटं करून बघा. जर विणलेली असेल, तर मागच्या बाजूला धागे दिसतात, छापलेली असेल तर सोनेरी रंग वरच्यावर बसलेला असतो. पण प्रवासासाठी एवढाही खटाटोप नको. घरातला मरून रंगाचा, काळ्या ठशांचा सुती ड्रेस आणि बारीक जरीकाठाची ओढणी एवढ्यावर करुप्पूरची आठवण निघते. घामाचे डाग या रंगात दिसत नाहीत, हा फायदा वेगळाच.

चोळांच्या भक्तांनाही राजवाड्यात जागा आहे. खरं म्हणजे हा राजवाडा चोळांचा नव्हे. राजराज चोळांनी मोठं देऊळ १०१० मध्ये पुरं केलं, त्यानंतर कित्येक शतकांनी राजवाडा उभा राहिला. पण राजवाड्यातल्या कलादालनात चोळकाळातल्या कांस्यमूर्ती आहेत. त्यांच्यासमोर झगझगीत सोनेरी साडी केविलवाणी दिसते. 'पोन्नियिन सेल्वन'मधल्या कुंदवैची वेशभूषा एका लखानी यांनी केली होती. ती डोळ्यांसमोर असेल, तर दागिन्यांचा ढीग विसरा आणि मूर्तींचा रंग उचला. तांबूस-तपकिरी सुती साडी, दंडावर एकच वाकी, केसांचा उंच अंबाडा. मानेवर वारा लागतो, हा उंच अंबाड्याचा खरा लाभ! लहान मुलाला वाघाचं चित्र असलेला सुती शर्ट घाला. वाघ हे चोळांचं चिन्ह, आणि वाघाचा शर्ट कुठल्याही मुलाला घालायला सांगावं लागत नाही.

धाकट्या मुलींसाठी सगळ्यात गोड कल्पना म्हणजे तंजावरची मान डोलवणारी बाहुली. लाल, पिवळा, हिरवा अशा ठसठशीत रंगांचा घेरदार सुती फ्रॉक. बाजारात तशीच बाहुली विकत घेऊन दिली की दोघी एकमेकींच्या माना डोलवत बसतात आणि आईवडिलांना दालनं निवांत बघता येतात.

काही गोष्टी मात्र घरीच ठेवा. राजमुद्रा छापलेले टी-शर्ट अनेकजण अभिमानानं घालतात. पण दिवसभराच्या घामात, बसच्या सीटवर, हॉटेलात सांबाराचे शिंतोडे झेलत ती मुद्रा वागवणं हा मान झाला का, याचा विचार ज्याचा त्यानं करावा. खोटी तलवार तर नकोच, बॅगेत अडचण आणि दालनात धोका. मोठ्या देवळात जायचं तर गुडघे-खांदे झाकणारे कपडे हवेत, म्हणजे वर सांगितलेलं सगळं चालतं, अर्धी चड्डी चालत नाही.

राहता राहिली पादत्राणं. सगळ्या हौशीचा निकाल तिथंच लागतो. मोजड्या आणि कोल्हापुरी दिसायला छान, पण नवीन असतील तर पहिल्या तासात टाच सोलून काढतात. जुन्या, सरावाच्या सपाट चपलाच घाला. देवळात त्या बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगडी अंगण तव्यासारखं तापतं. म्हणून सकाळी लवकर देऊळ करावं, ऊन चढलं की राजवाड्यात शिरावं. दोन्हींत अंतर फार नाही, रिक्षा सहज मिळते. पर्समध्ये प्रत्येकाचा एक जाड सुती मोज्यांचा जोड ठेवा. हिरव्या बांगड्यांबरोबर मोजे शोभत नाहीत हे खरं, पण देवळाच्या अंगणात सगळ्यांचं लक्ष शिखराकडे असतं, कुणी पायांकडे बघत नाही.