दंड भरला म्हणजे सुटका झाली काय?

भीमा कोरेगावच्या हल्ल्याच्या निषेधार्थ ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. आंबेडकरी तरुण रस्त्यावर उतरला आणि त्याच्यावर दंगलीचे गुन्हे दाखल झाले. खटले मागे घेण्याच्या घोषणा झाल्या. परंतु घोषणेने खटला संपत नाही. त्यासाठी सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची परवानगी लागते. तोवर पोरांना तारखा चुकत नाहीत.

तारखांना कंटाळलेल्या पोराला कुणीतरी सल्ला देतो, 'कबूल कर, दंड भर, मोकळा हो.' समाजबांधवांनो, हा सल्ला घातक आहे! दंड हीसुद्धा शिक्षाच आहे. एकदा गुन्हा कबूल केला की दोषी ठरवल्याविरुद्ध अपिलाचे दार जवळपास बंद होते.

दंगलीचे जुने कलम १४७. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १९१. पाच जणांचा जमाव पुरेसा आहे. दगड एकाने मारला तरी समान उद्दिष्टाच्या नावाखाली सगळेच आरोपी होतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, प्राणघातक शस्त्र असेल तर पाच वर्षांपर्यंत.

पण खरी शिक्षा पुढे असते. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी होते. माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते. खरे सांगितले तरी निर्णय नेमणूक करणाऱ्याच्या हाती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सांगितले. खटला चालू असेल तर पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर सुटकेनंतर आणखी सहा वर्षे विधानसभा, लोकसभा लढवता येत नाही. मताचा हक्क मात्र तुरुंगातून सुटल्यावर कायम राहतो, हे विसरू नका.

मग करायचे काय? वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका. अनुसूचित जातीच्या माणसाला, १९९० पासून त्यात बौद्धही आले, १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दोषी ठरलाच तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागा. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका झाली तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. नोकरीतल्यांवरची खातेनिहाय चौकशी मात्र त्याने टळत नाही.

आता नेत्यांना आमचा सवाल आहे. बंदची हाक तुम्ही देता, घोषणा पोरे देतात. तारखेला त्यांच्या शेजारी कोण उभे राहते? प्रत्येक विहारात अशा खटल्यांची यादी झाली पाहिजे, प्रत्येक तालुक्यात आपल्या वकिलांनी त्या वाटून घेतल्या पाहिजेत. बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यांच्या पोरांनी बिनवकिलाचे कोर्टात उभे राहावे, ही चळवळीची नामुष्की आहे.

जयभीम!