रुग्णनोंदींचे रक्षण आणि हार्ड डिस्कची निवड

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत केसपेपरच्या गठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली आहे. ‘बॅकअप ठेवता ना?’ असे विचारले असता वैद्यबंधू टेबलाच्या खणातील एक्स्टर्नल हार्ड डिस्क दाखवितात. माझ्या मते तो बॅकअप नव्हेच.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री-गांधारीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. आमच्या तेथील औषधालयातील संगणक आणि त्याखालच्या खणातील डिस्क एकाच पाण्यात गेली. चूक सर्वस्वी माझी. भल्लातकाने ज्यांच्या अंगावर सूज व पुरळ आले होते, त्यांच्या नोंदी तीतच होत्या. त्यांपैकी एका आजींना तर औषधाचे नावही ठाऊक नव्हते. पुढे कित्येक महिने बिब्ब्याचा कल्प लिहिताना माझा हात थबकत असे.

डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी, असे मला वारंवार विचारले जाते. फिरत्या तबकडीच्या डिस्क बनविणाऱ्या कंपन्या आज जगात तीनच आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी स्वतःकडील हजारो डिस्कच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करते. २०२४ चे प्रमाण सुमारे दीड टक्का होते. मात्र ते आकडे थंड खोलीत स्थिर बसविलेल्या डिस्कचे आहेत, पाचाडच्या वळणांवरून दुचाकीच्या डिकीत हिंदकळणाऱ्या डिस्कचे नव्हेत. शिवाय वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, रुग्णाचे इतिवृत्त नाही.

म्हणून एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, अधिकृत विक्रेत्याकडून घ्याव्यात. नगण्य किमतीत ‘सोळा टीबी’ देऊ करणाऱ्या वस्तूंपासून दूरच राहावे. त्यांत क्षमता खोटी दाखविलेली असते आणि खरी जागा संपली की नोंदी नष्ट होऊ लागतात. एसएसडी धक्का सोसते, पण वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवण्यास ती योग्य नव्हे. आमच्या दमट हवेत डिस्क हवाबंद डब्यात ठेवावी. औषधांच्या बरण्यांतील सिलिका जेलच्या पुड्या येथे उपयोगी पडतात.

माझी एक डिस्क महाडला वरच्या मजल्यावर, तर दुसरी पाचाडला घरी असते. दर रविवारी त्यांची अदलाबदल होते. पाचाड उंचावर आहे, सावित्रीचे पाणी येथवर येत नाही. पण त्याच २२ जुलैला तळियेवर दरड कोसळली, हे डोंगराच्या भरवशावर राहणाऱ्याने विसरू नये. यास्तव तिसरी प्रत पुण्यास आप्तांकडे ठेवली आहे. रुग्णांची गुप्तता राहावी म्हणून तिन्ही प्रती परवलीच्या शब्दाने बंदिस्त आहेत. तो शब्द माझ्याखेरीज पत्नीसही ठाऊक आहे.

दर महिन्यास दुसऱ्या संगणकावर डिस्क जोडून पाच-सहा जुन्या नोंदी उघडून पाहतो. गेल्या पावसाळ्यात अशा पाहणीत एका डिस्कवर तीन महिन्यांच्या नोंदी उघडेनात. दुसरीवर त्या सुखरूप होत्या.